हे कोण म्हणालं?

‘पत्नी हट्टी, जुळवून घेत नाही.’ आमच्या समुपदेशन केंद्रातल्या नवीन मुलींनी फाइलमध्ये असं लिहिलं की मी विचारते, हे कोण म्हणालं? बहुतेक वेळा सासू म्हणालेली असते. मग सासूच्या नावावर घाला ना! तुमच्या सहीखाली ते गेलं की तो केंद्राचा अभिप्राय होतो.

टाटा समाजविज्ञान संस्थेने 1984 मध्ये मुंबई पोलीस आयुक्तालयात महिलांसाठी विशेष कक्ष सुरू केला. पोलीस ठाण्याच्या आवारातलं आमचं काम त्याच वाटेवरचं. आज आलेली बाई पुढच्या तारखेला माझ्या सहकारी बाईंसमोर बसते. तिला सगळं पहिल्यापासून उगाळायला लागू नये, म्हणून फाइल.

समजा, मारहाणीची तक्रार आहे. ‘नवरा क्रूर’ यातून काहीच कळत नाही. मी लिहीन : ‘ती म्हणाली, जेवण गार का म्हणून त्याने काल रात्री मनगट पिरगाळलं. डाव्या मनगटावर सूज दिसली. सरकारी दवाखान्यात पाठवलं. तिथला कागद यायचाय.’ सूज त्यानेच आणली, असं मी लिहीत नाही, कारण ते मी पाहिलेलं नाही. सांगताना ती दोनदा हसली असेल तर तेही लिहायचं. त्यावरून ‘खोटं बोलते’ असा निकाल मात्र द्यायचा नाही. घाबरलेली माणसंही हसतात.

पैशांच्या बाबतीत तर हमखास घोळ होतो. 2005 चा कौटुंबिक हिंसाचाराचा कायदा आर्थिक छळालाही हिंसाच मानतो. ‘पैशांवरून वाद’ या दोन शब्दांत तो छळ दिसतच नाही. ‘तिचा पगार जमा होतो त्या खात्याचं एटीएम कार्ड दिवाळीपासून सासूकडे’, असं लिहिलं की संरक्षण अधिकाऱ्यांना अहवाल करताना धरायला काही मिळतं. आणि दंडाधिकाऱ्यांसमोर असा अहवाल आला असेल, तर तो विचारात घेऊनच आदेश द्यावा लागतो.

अंदाज लिहूच नयेत का? लिहावेत, पण ‘माझा अंदाज’ म्हणून आणि कारणासकट : पाच वाजायच्या आत निघायची तिची घाई चालली होती, घरी कुणाचा तरी धाक असावा. तिच्या बहिणीच्या लग्नाची भानगड मात्र फाइलमध्ये कशाला? तक्रारीशी तिचा संबंध नसेल तर वगळा.

वरिष्ठांना ‘समेट झाला’ हे दोन शब्द फार आवडतात, तक्ता भरतो. मी ते लिहीत नाही. ‘दोघांनी सही केली. यापुढे हात उचलणार नाही, असं नवरा म्हणाला. पत्नी काही बोलली नाही. पुढच्या बुधवारी तिला एकटीला बोलावलंय.’