समुद्रकाठी ‘श्यामची आई’

पीथमपुरच्या कारखान्यांच्या सहवासात राहणाऱ्या आम्हा मराठी डॉक्टरांना समुद्राचे अप्रूप मोठे! यंदा दापोलीजवळच्या मुरुडला चार दिवस सपत्नीक विसावलो. दुपारी सुरूच्या सावलीत वाचन. रात्री हर्णैच्या खाणावळीत सुरमई, तांदळाची भाकरी, सोलकढी.

सोबत होते साने गुरुजींनी १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात लिहिलेले ‘श्यामची आई’. गुरुजींचे पालगड याच तालुक्यातले. पोहण्याच्या भीतीने लपलेल्या श्यामला आई मारून विहिरीवर धाडते. बालरोगतज्ज्ञ म्हणून तो मार मला मान्य नाही. परंतु मूल भित्रे राहू नये, ही तिची तळमळ आजही तितकीच मोलाची आहे.

समोर एक पिता भेदरलेल्या कन्येचा हात धरून पावलापावलाने लाटांत शिरत होता. मित्रहो, औषध तेच. मात्रा तेवढी सौम्य!