मुळासकट

आपल्याकडे मुलीच्या अंगावरच्या केसांविरुद्धची मोहीम ती जन्मल्याबरोबर सुरू होते. बारसं होण्याआधीच कणकेचा गोळा तिच्या कपाळावरून, पाठीवरून फिरू लागतो. तान्ह्या बाळाची लव काही दिवसांनी आपोआपच झडते. श्रेय मात्र गोळा फिरवणाऱ्या आजीला! पुढे डाळीचं पीठ आणि साय, मग पार्लरमधलं गरम वॅक्स. आणि आता घरच्या घरी एपिलेटर.

गेल्या दिवाळीत माझ्या भाचीनं सोळा वर्षांच्या लेकीसाठी तो आणला आणि माहितीपत्रक माझ्या हाती दिलं. बँकेत आयुष्य गेलेल्या माणसाला बारीक अक्षर वाचायची सवय असते, हा घरातला समज.

यंत्र तसं साधं. फिरत्या रोळावर बारीक चिमट्यांच्या रांगा. रोळ फिरताना चिमटे उघडतात, मिटतात आणि केस मुळासकट उपटतात. वस्तरा केस त्वचेलगत कापतो, म्हणून दोन दिवसांत खुंट टोचतात. उपटलेला केस यायला तीन-चार आठवडे लागतात. मात्र सगळे केस एकाच वेळी वाढत नाहीत. आज त्वचेखाली असलेले पुढच्या आठवड्यात डोकावतात आणि ‘यंत्र बिघडलं’ अशी तक्रार होते.

यंत्राचा जन्म उत्तर इस्रायलमधल्या हागोश्रीम या किबुत्झमधला, १९८६ सालचा. ‘एपिलेडी’ त्याचं नाव. त्यात चिमटे नव्हते, कमानीसारखी वाकवलेली स्प्रिंग गरगर फिरे. बाहेरच्या बाजूला तिची वेटोळी फाकत, आतल्या बाजूला मिटत, आणि केस सापडे. रेमिंग्टननं स्प्रिंगऐवजी चिरा पाडलेला रबरी दांडा वापरला आणि प्रकरण कोर्टात गेलं. पेटंटच्या कागदात शब्द होता स्प्रिंग. रबरी दांडा म्हणजे स्प्रिंग का? इंग्लंडच्या कोर्टानं १९८९ मध्ये ‘नाही’ म्हटलं. जर्मनीत मात्र ती नक्कल ठरली. एका शब्दावर अडलेली कर्जप्रकरणं मी पाहिली आहेत, त्यामुळे मला यात काडीचंही नवल वाटलं नाही.

जाहिरातीतली मुलगी हसत हसत पायावरून यंत्र फिरवते. खरं सांगायचं तर पहिल्या वेळी डोळ्यांत पाणी येतं. पुढे त्रास कमी होतो. कोमट पाण्यानं अंघोळ करून अंग कोरडं करावं, एका हातानं कातडी ताणून धरावी, यंत्र काटकोनात, केसांच्या उलट दिशेनं, सावकाश न्यावं. रात्री केलं तर लाली सकाळपर्यंत बरीच ओसरते. दोन-चार दिवसांनी पंच्यानं हलकेच घासलं, तर केस आत वळून पुळ्या होण्याचा त्रास कमी. तीळ, जखम, फुगलेल्या शिरा यांवर फिरवू नये. मधुमेह असेल किंवा रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल, तर आधी डॉक्टरांना विचारावं. आणि बहिणी-बहिणींत एक यंत्र नको. केसाबरोबर कधी रक्ताचा थेंबही येतो.

हनुवटीची गोष्ट मात्र वेगळी. मुलीच्या हनुवटीवर राठ केस येऊ लागले आणि पाळीही अनियमित असेल, तर आधी डॉक्टर, मग यंत्र. मागे पीसीओएस असू शकतो. घरोघर हा प्रश्न पार्लरमध्येच मिटवला जातो, याचा मला राग येतो.

आमच्या शाखेत एक कॅशियर होती. नोटा मोजण्यात तिचा हात धरणारं कुणी नव्हतं. भर मे महिन्यात ती मनगटापर्यंत बाह्यांचे ब्लाऊज घालायची. काउंटरवरून नोटा देताना कुणीतरी हाताकडे पाहून काहीतरी बोललं होतं म्हणे. तिनं कारण कधी सांगितलं नाही; आम्हीही विचारलं नाही. पार्लरमध्ये जाऊन परक्या बाईपुढे हात करायचीही तिला लाज वाटत असावी. दार लावून स्वतःच वापरता येईल असं यंत्र तिला मिळतं, तर तिनं ते घेतलं असतं का, कुणास ठाऊक.

भाचीच्या लेकीला मात्र मी विचारलं, ‘‘तुला हवंय का हे, की आईला हवंय?’’

ती थोडा वेळ गप्प राहिली. ‘‘पायांना हवंय,’’ म्हणाली, ‘‘गॅदरिंगला नाच आहे. हातांना नको, आजी. दुखतं.’’

भाचीनं तोंड उघडलं, मी तिच्याकडे पाहिलं, तिनं मिटलं. पोरगी यंत्र घेऊन आत गेली आणि तिनं कडी लावली.