उंच छताचे घर आणि उष्णतेचा पंप

जुन्या वाड्यांची व बंगल्यांची छते उंच असत. तापलेली हवा वर चढे, झरोक्यांतून बाहेर पडे आणि खाली बसणाऱ्यांना उकाडा कमी जाणवे. आज अशा घरात एअर कंडिशनर बसवायचा झाला, की दुकानदार म्हणतो, “छत उंच आहे, एक टनाने भागणार नाही, दीड टनाचा घ्या.” सल्ला खरा की खोटा, यावर यंत्राची किंमत आणि विजेचे बिल दोन्ही अवलंबून असते.

एअर कंडिशनर थंडी निर्माण करीत नाही. तो खोलीतील उष्णता उचलून बाहेर टाकतो. पाणी उंचावर चढवण्यास पंप लागतो, तसाच हा उष्णतेचा पंप होय. नळ्यांतील द्रव खोलीत उष्णता शोषून वायुरूप होतो. कॉम्प्रेसर त्यावर दाब देतो. बाहेरच्या जाळीत तो उष्णता सोडून पुन्हा द्रव बनतो. येथे उष्णता केवळ वाहून न्यायची असल्यामुळे एक युनिट विजेत सुमारे तीन युनिट उष्णता हलवता येते. आत-बाहेरच्या तापमानांत जितके अंतर अधिक, तितका हा चढ अवघड. हेच यंत्र उलट चालवून घर ऊबदार करता येईल, हे विल्यम थॉमसन या शास्त्रज्ञाने १८५२ मध्येच सुचवले होते.

आता हिशेब करून पाहू. चार मीटर लांब, तीन मीटर रुंद आणि तीन मीटर उंच खोलीत सुमारे ४३ किलो हवा असते. ती दहा अंशांनी थंड करण्यासाठी ०.१२ युनिट उष्णता बाहेर काढावी लागते. छत साडेचार मीटर उंच असेल तर ०.१८ युनिट. फरक ०.०६ युनिटचा, वीज लागेल ती एका युनिटच्या पन्नासाव्या हिश्श्याइतकी! म्हणजे खरे ओझे हवेचे नव्हे. ते भिंतींचे आहे: उंची वाढल्याने भिंतींचे क्षेत्रफळ ४२ चौरस मीटरवरून ६३ वर जाते. त्या उन्हात तापत असतील, वरचे झरोके उघडे असतील, तर उष्णता दिवसभर आत येतच राहते. तेव्हा दुकानदार अगदीच चुकत नाही. मात्र त्याने छताबरोबर भिंतींची दिशाही विचारायला हवी होती. मोठे यंत्र घेण्याआधी झरोके बंद करावेत, पश्चिमेच्या भिंतीवर सावली करावी आणि वर गच्ची असल्यास तिला पांढरा चुना द्यावा.

थंड हवा जड असल्याने तळाशी राहते, ही उन्हाळ्यातील सोय. हिवाळ्यात, दिल्लीसारख्या शहरात, तीच गोष्ट उलटते. यंत्राने दिलेली ऊब छताशी जाऊन साठते. यंत्रही भिंतीवर उंच बसवलेले, त्यामुळे त्याला खोली तापली असे वाटते आणि खाली बसलेल्याचे पाय मात्र गारच! अशा वेळी यंत्राच्या पट्ट्या खाली वळवून छताचा पंखा अगदी मंद ठेवल्यास वरची ऊब खाली उतरते. हिमाचलातील जुन्या लाकडी घरांच्या खोल्या बुटक्या असतात, त्यामागेही हेच कारण दिसते.

भारतात १ जानेवारी २०२० पासून तारांकित एअर कंडिशनर मुळातच २४ अंशांवर लावलेले असतात. पंख्याच्या जोडीने उन्हाळ्यात तो आकडा आणखी एकदोन अंशांनी वर नेता येतो. उंच छताच्या घरात लांब दांड्याचा पंखा लावतात, तो याचसाठी.