पासवर्ड नको, मर्यादित किल्ली द्या

सोलापुरातल्या एखाद्या टॉवेल कारखान्याचा हिशेब पुण्यातल्या सर्व्हरवर असला, की त्याचा बॅकअप रोज रात्री इकडे आणावा लागतो. सर्व्हर पासवर्ड विचारतो. मध्यरात्री तो टाइप करायला कोण बसणार? म्हणून तो स्क्रिप्टमध्येच लिहिला जातो. ती फाइल कुणाच्या हाती पडली, की सगळा हिशेब उघडा.

प्रश्नांना आपोआप उत्तर देणारं 'एक्स्पेक्ट' हे साधन अमेरिकेतल्या डॉन लिब्स यांनी 1990 मध्ये आणलं. पडद्यावर ठरलेला मजकूर दिसेपर्यंत ते थांबतं आणि ठरलेलं उत्तर पाठवतं. दुसरा मार्गच नसलेल्या जुन्या राउटरसाठी ते आजही कामाचं आहे. मात्र पासवर्ड लपवणं हे त्याचं काम नव्हे. तो आदेशाच्या ओळीत दिला, तर चालू प्रोग्रामच्या यादीत इतरांनाही दिसू शकतो.

खरा उपाय 1995 मध्ये फिनलंडमध्ये निघाला. हेलसिंकीच्या तंत्रविद्यापीठाच्या नेटवर्कवर पासवर्ड चोरले गेले आणि तिथले संशोधक तातू युलोनेन यांनी 'एसएसएच' तयार केलं. त्यात किल्ल्यांची जोडी वापरता येते. सार्वजनिक किल्ली सर्व्हरवर राहते, खासगी किल्ली आपल्याच संगणकावर. लॉगिनच्या वेळी खासगी किल्लीने केलेली डिजिटल सही सर्व्हर तपासतो. गुपित वाटेवर जातच नाही.

मात्र विनापासवर्ड चालणारी किल्ली चोरीला गेली, तर तीही घातकच. म्हणून प्रत्येक कामाला वेगळी किल्ली द्यावी. ती फक्त बॅकअपचाच आदेश चालवेल आणि ठरलेल्या पत्त्यावरूनच चालेल, अशी अट सर्व्हरवर घालता येते. स्क्रिप्टमध्ये 'बॅचमोड' चालू ठेवावा. मग पासवर्डची वाट पाहत ती रात्रभर अडकत नाही, लगेच अपयश कळवते.

पहिल्या जोडणीला सर्व्हरची ओळख पटवणारा ठसा दिसतो. तिथे स्क्रिप्टला डोळे झाकून 'होय' म्हणायला लावू नये, नाहीतर मधेच बसलेल्या तोतयालाही आपण सर्व्हर समजून बसू. तो ठसा सर्व्हर सांभाळणाऱ्याकडून फोनवर पडताळून आधीच नोंदवून ठेवावा.

'सर्ट-इन' या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या एप्रिल 2022 च्या निर्देशांनुसार कंपन्यांना आपल्या यंत्रणांचे लॉग 180 दिवस जपावे लागतात. सगळी कामं एकाच पासवर्डावर चालली, तर आत कोण आलं हे त्या लॉगमधून उमगत नाही. किल्ल्या वेगळ्या असल्या, की नेमकी कोणती रद्द करायची ते कळतं आणि बाकीची कामं अडत नाहीत.