केस जिंकायचीय? पाकीट फेकू नका!

दोन मिनिटांत होणाऱ्या नूडल्सची केस किती वर्षं चालावी? मॅगीच्या बाबतीत उत्तर आहे, साडेआठ वर्षांहून जास्त!

जून २०१५मध्ये प्रमाणाबाहेर शिसं असल्याचं सांगत एफएसएसएआय या केंद्रीय अन्न सुरक्षा प्राधिकरणानं मॅगीवर देशभर बंदी घातली. हॉस्टेलपासून ऑफिसच्या पॅण्ट्रीपर्यंत हाहाकार! १३ ऑगस्टला मुंबई हायकोर्टानं ही बंदी रद्द केली. गंमत म्हणजे मॅगी चांगली की वाईट, यावर हा निकाल लागलाच नाही. कंपनीला बाजू मांडायची नीट संधी मिळाली नव्हती आणि टेस्ट करणाऱ्या लॅब्जना त्यासाठी लागणारी मान्यता नव्हती, हे मुद्दे निर्णायक ठरले. मग तीन मान्यताप्राप्त लॅब्जमध्ये फेरतपासणी झाली, शिसं मर्यादेत निघालं आणि नोव्हेंबरमध्ये मॅगी परतली. केंद्र सरकारनं ग्राहकांच्या वतीनं मागितलेली सुमारे ६४० कोटींची भरपाईही राष्ट्रीय ग्राहक आयोगानं एप्रिल २०२४मध्ये फेटाळली.

तर फंडा असा, की फूड लॉमधली केस सॅम्पलवर उभी राहते. २००६च्या अन्न सुरक्षा कायद्यानुसार इन्स्पेक्टरनं घेतलेल्या नमुन्याचे चार भाग होतात, त्यांना सील लागतं, एक भाग अन्न विश्लेषकाकडे जातो आणि त्यानं १४ दिवसांत रिपोर्ट द्यायचा असतो. कंपनीचा वकील आधी हेच बघतो. सील, तारीख, लॅब... यातलं काही चुकलं, की त्याचं अर्धं काम झालंच म्हणून समजा!

आता तुमच्या चॉकलेटमध्ये अळी निघाली तर? आपण काय करतो? फोटो काढतो, पोस्ट टाकतो आणि ‘ई...’ म्हणत पाकीट कचऱ्यात! म्हणजे पुरावाच गेला. ग्राहक आयोग गरज पडल्यास वस्तू सील करून लॅबला पाठवतो, पण वस्तू शिल्लक असेल तर ना! म्हणून बिल, बॅच नंबर असलेलं रॅपर आणि उरलेला माल जपून ठेवा.

संशय असलेला पदार्थ तुम्ही स्वतःही अन्न विश्लेषकाकडे तपासायला देऊ शकता. फक्त खरेदी करतानाच दुकानदाराला तसं सांगावं लागतं. फी भरावी लागते, पण माल नियमबाह्य ठरला तर ती परत मिळते. ग्राहक आयोगातली तक्रार तुम्ही राहता किंवा नोकरी करता त्या जिल्ह्यात करता येते. मुदत दोन वर्षं. मोजलेली किंमत ५ लाखांपर्यंत असेल तर फी शून्य आणि वकीलही सक्तीचा नाही. सुरुवात कुठून करायची कळत नसेल, तर १९१५ ही राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन आहेच.

पोस्टला लाइक्स मिळतील, बॉस! भरपाई हवी असेल तर मात्र ते पाकीट लागेल.