गहू न सोसणारे मूल आणि खापरची भाकरी

नंदुरबार जिल्ह्यातील अक्कलकुवा तालुक्यात, खापर आणि आसपासच्या पाड्यांवर, मुलांच्या पथ्याचा विचार कुपोषण बाजूला ठेवून करता येत नाही. मूल वाढत नाही, पोट फुगते, जुलाब थांबत नाहीत, रक्त कमी भरते. बहुतेक वेळा ही लक्षणे पोटभर अन्न न मिळाल्याची असतात. काही मुलांत मात्र ती एखादे अन्न न सोसल्याची असतात, आणि तिथेच निदान हुकते.

सिलिअ‍ॅक हा असाच एक आजार. गहू आणि जव यांतील ग्लुटेन या प्रथिनामुळे शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच लहान आतड्यावर उलटते. आतड्याचे अस्तर झिजते आणि खाल्लेले अंगी लागत नाही. निदानासाठी आधी रक्ततपासणी आणि गरज पडल्यास आतड्याचा तुकडा तपासणे, असा क्रम असतो. तपासणीपूर्वीच गहू बंद केला तर अहवाल फसवा येऊ शकतो. आजार ठरला की गहू जन्मभर वर्ज्य. पथ्य कडक खरे, पण खानदेशात ते तुलनेने सोपे आहे. ज्वारी, बाजरी, मका, तांदूळ, भगर यांत ग्लुटेन नाही; ज्वारी-उडदाची कळण्याची भाकरी तर अशा मुलाचे उत्तम जेवण. धोका लपलेल्या गव्हाचा असतो. बिस्किटे, शेवया आणि रवा सहज ओळखू येतात, पण बाजारच्या बांधणीच्या हिंगातही बहुधा गव्हाचे पीठ असते. गिरणीत गव्हापाठोपाठ ज्वारी दळली तर तिच्यात गव्हाचे पीठ मिसळते. शक्य असेल तर या मुलाचे दळण घरच्या जात्यावर करावे.

दुधाची गोष्ट वेगळी आहे. जुलाबानंतर किंवा तीव्र कुपोषणात दुधातील साखर पचवणारे विकर काही काळ कमी पडते. आतडे सुधारले की दूध पुन्हा पचू लागते; तोवर दही-ताक सोसते. म्हणून दूध कायमचे तोडणे चूक आहे. आईचे दूध तर चालूच ठेवावे. दुधाच्या प्रथिनाची अ‍ॅलर्जी निराळी: तिच्यात अंगावर पित्त उठते, उलट्या होतात. अशा वेळी शेळीचे दूध हा उपाय नव्हे, कारण त्यातील प्रथिने गाईच्या दुधासारखीच असतात. ओठ-चेहरा सुजून श्वास लागला, तर मुलाला क्षणही न दवडता दवाखान्यात न्यावे.

आदिवासी भागातील अंगणवाड्यांत अमृत आहार योजनेतून मुलांना अंडे मिळते. अंड्याची अ‍ॅलर्जी असलेल्या मुलाची नोंद अंगणवाडीताईकडे असलीच पाहिजे. अंडे न खाणाऱ्यांसाठी योजनेत केळी आहेत. पण केळ्यात अंड्याएवढी प्रथिने नसतात. ती तूट घरी तूर, उडीद, हरभऱ्याने भरून काढावी लागते.