चाक थांबतं, सायकल थांबत नाही

आजचा विषय साधा आहे. एकाच गिअरची आपली जुनी काळी सायकल आणि तिचा न लागणारा ब्रेक. तत्त्वज्ञानाच्या माणसानं यात का पडावं, असं कुणी विचारील. आम्ही पडलोच होतो म्हणून! पुण्यात, सेनापती बापट रस्त्याच्या उतारावर, पहिल्या पावसात. मागचा ब्रेक करकचून दाबलेला, चाक थांबलेलं, आणि सायकल आपली चाललेली.

रबर रिमला धरतं, पण सायकलला थांबवतो तो रस्ता, टायरच्या घर्षणातून. टायर रस्त्याला किती धरील, हे त्यावर भार किती आहे यावर ठरतं. वेग कमी होऊ लागला की भार पुढे झुकतो. एसटीनं ब्रेक मारल्यावर उभे प्रवासी पुढे जातात ना, तसंच. मागचं चाक हलकं होतं, म्हणून घसरतं. तेव्हा थांबवण्याचं मुख्य काम पुढच्या चाकाचं. आपल्याला मात्र लहानपणापासून उलटंच सांगितलेलं असतं: “पुढचा दाबू नको, उलटा पडशील.” पडतो तो एकदम दाबणारा. दोन्ही ब्रेक धरा, पुढचा हळूहळू वाढवत न्या, हात ताठ ठेवा, बूड मागे सरकवा.

ताशी 20 किलोमीटर म्हणजे सेकंदाला साडेपाच मीटर. कोरड्या रस्त्यावर नुसत्या मागच्या ब्रेकनं थांबायला सहा मीटर तरी लागतात. पुढचा नीट वापरला तर तीन-साडेतीन. रिक्षा आडवी येते ती बहुधा एवढ्याच अंतरात.

आता यंत्राकडे वळू. मडक्याची कारणं मोजताना नैयायिक माती, चाक, दांडा, कुंभार हे सगळं धरतात. माती वाहून आणणारं गाढव मात्र धरत नाहीत. ब्रेक लागत नाही म्हणून नवी चकचकीत ब्रेक-दांडी बसवून घेणं म्हणजे पुष्कळदा गाढव मोजणंच. आधी रिम पाहा. साखळीला घातलेलं तेल उडून तिथं बसतं. साबणाच्या पाण्यानं धुवा, कोरडी पुसा. रबर काचेसारखं गुळगुळीत झालं असेल तर पॉलिश पेपरनं घासा, कडक झालं असेल तर बदला. चाक डुगडुगत असेल तर दुकानात आऊट काढून घ्या, नाहीतर रबर रिमजवळ आणताच येत नाही. रॉड ब्रेकचे सांधे ढिले झाले की दांडी मुठीला टेकते आणि रबर अजून अधांतरीच!

पावसाचं दुखणं मात्र यानं पुरतं जात नाही. मुलामा दिलेली स्टीलची रिम ओली झाली की ब्रेकची पकड फारच कमी होते. अॅल्युमिनियमची रिम अशा वेळी बरीच बरी. पण रॉड ब्रेक रिमच्या आतल्या अंगाला लागतो, कॅलिपर बाजूंना, त्यामुळे रिम बदलायची तर बहुधा ब्रेकही बदलावा लागतो. ते जमत नसेल तर उताराच्या आधीपासूनच ब्रेक हलका टेकवत राहा, म्हणजे रिमवरचं पाणी पुसलं जातं.

एक सांगायचं राहिलं. रबराच्या खोबणीचं एक तोंड उघडं असतं. रिम रबराला ज्या दिशेनं ओढते, त्या बाजूचं तोंड बंदच हवं. उलटं बसवलं तर ऐन ब्रेकच्या वेळी रबर निसटून रस्त्यावर पडतं. घरी गेल्यावर आज एवढं तरी पाहाच.